पाहुणा आणि मित्र

पुणे हे विद्येचे माहेरघर आहे असे म्हणण्याचा आम्हां पुणेकरांस फार जुना नाद आहे. माहेर म्हटले म्हणजे तेथे न विचारता डब्यातला लाडू काढता आला पाहिजे, दुपारी पाय पसरून झोपता आले पाहिजे, आणि कोणी रागे भरले तर उलटून बोलताही आले पाहिजे. इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान, केनिया, टांझानिया इत्यादी देशांतून जे विद्यार्थी दर वर्षी आमच्या नगरीत येतात, त्यांस या कसोटीने पुणे हे माहेर वाटते की सासर, याचा विचार बिरुदे मिरविणारांनी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्ही एका महाविद्यालयात गेली सत्तावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवीत आहो, आणि त्यांपैकी अकरा वर्षे, दुसरे कोणी पुढे येईना म्हणून, परदेशी विद्यार्थ्यांची विचारपूस करण्याचे काम आमच्याकडे आहे. या अकरा वर्षांत जे पाहिले त्याविषयी चार शब्द लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमच्याकडे दर जानेवारीत एक मेळावा भरतो. परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या देशाचा पोशाख करून यावे, तिकडचा एखादा पदार्थ करून आणावा, गाणे म्हणावे, अशी योजना असते. मुले हौसेने येतात, प्राचार्य विश्वबंधुत्वावर बोलतात, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी आम्ही उपाहारगृहावरून जातो तो अफगाणी मुले कडुनिंबाखाली, आफ्रिकी मुले ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, आणि आमची मुले आपापल्या जिल्ह्याप्रमाणे ठरलेल्या बाकांवर! काल खांद्यावर हात टाकून उभे राहिलेले दोघे आज एकमेकांकडे पाहून हसतात आणि आपापल्या कोंडाळ्यात शिरतात. यात त्यांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. एका दिवसाच्या जेवणाने आणि गाण्याने मैत्री जुळत असती तर प्रत्येक लग्नाच्या पंगतीतून शेपन्नास जिवलग मित्र उठले असते.

१९७७ साली स्टीफन बॉक्नर आणि त्यांचे सहकारी यांनी होनोलुलू येथील परदेशी विद्यार्थ्यांच्या मित्रमंडळींची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा मथितार्थ असा की, परदेशी विद्यार्थ्याभोवती तीन वर्तुळे असतात. पहिले स्वदेशीयांचे, तेथे त्याची भाषा चालते आणि मन मोकळे होते. दुसरे यजमान देशातील लोकांचे. त्यांच्याकडे तो बहुधा कामापुरता जातो, म्हणजे अभ्यासातील अडचण किंवा कचेरीतील कागद घेऊन. तिसरे अन्य देशांतून आलेल्यांचे. त्यांच्यासह तो वेळ घालवितो. हे वाचले तेव्हा आमच्या उपाहारगृहाचा नकाशा होनोलुलूस कोणी पोचविला असे आमच्या मनात आले. यावर काही उत्साही मंडळी म्हणतात की, पहिले वर्तुळ मोडल्यावाचून दुसरे वाढणार नाही. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. आमचा पुणेरी मुलगा म्यूनिकास शिकावयास गेला म्हणजे तेथे गणपती कोठे बसतो आणि पोहे कोठे मिळतात याची चौकशी तो पहिल्या आठवड्यात करितो. त्यावरून तो जर्मनांचा द्वेष्टा ठरत नाही. प्रश्न दुसऱ्या वर्तुळाचा आहे. ते कामापुरतेच का राहते?

आमच्या मते याचे एक कारण आमचा पाहुणचार हे आहे. वाचकांस हे विपरीत वाटेल. अतिथीस देव मानावे अशी उपनिषदाची आज्ञा आहे आणि ती आम्ही, निदान बोलण्यापुरती, पाळतो. परंतु देवाशी मैत्री होत नाही. देवास नैवेद्य दाखवितात, त्यास पोते उचलावयास लावीत नाहीत. त्याच्याकडून उसने पैसे घेत नाहीत. आणि ठराविक दिवस झाले म्हणजे त्याचे विसर्जन करितात. परदेशी विद्यार्थी आमच्या घरी आला की आम्ही त्यास खुर्चीवर बसवितो, पुरणपोळी वाढतो, त्याच्या देशाची लोकसंख्या विचारितो, आणि तो गेल्यावर चांगला मुलगा होता असे म्हणतो. त्या बिचाऱ्यास पाच वर्षांत आमचे न्हाणीघर ठाऊक होते, स्वयंपाकघर होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, निरनिराळ्या समाजांतील माणसे नुसती एकत्र आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. ती बरोबरीच्या नात्याने एकत्र यावी लागतात, दोघांस मिळून करावयाचे काम असावे लागते, आणि संस्थेचा त्यास पाठिंबा असावा लागतो. पाहुणा आणि यजमान यांच्यात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नसतात. एक जण देतो, दुसरा घेतो आणि आभार मानतो.

न्यूयॉर्कमध्ये १९०९ साली हॅरी एडमंड्स नावाच्या गृहस्थाने कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्यास सहज सुप्रभात म्हटले. तेव्हा तो म्हणाला, मी येथे येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले आपण पहिलेच. यातूनच पुढे १९२४ साली तेथील इंटरनॅशनल हाउस उभे राहिले. ही गोष्ट सांगताना लोक सुप्रभातावर भर देतात. परंतु मधली पंधरा वर्षे विसरतात. त्या पती-पत्नींनी रविवारी विद्यार्थ्यांस घरी बोलाविण्याचा प्रघात पाडला आणि तो चालविला. एक दिवस गोड बोलणे कोणासही साधते; रविवारमागून रविवार घर उघडे ठेवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि घरातील बाईस विचारल्यास ती किती निराळी ते अधिक चांगले कळेल.

आमच्या पुण्यातही असे एक उदाहरण आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने पडला होता आणि एक मुलगी खिडकीतून त्यास जेवण देत असे. हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यातून १९७१ साली सिंबायोसिस ही संस्था निघाली. वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेले नाव ते; त्याचा अर्थ सहजीवन. आमच्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल घालतात ते याच सहजीवनाचे उदाहरण होय. बुरशी आणि शैवल अशा दोन जीवांची ती जोडी. शैवल उन्हावर अन्न तयार करिते, बुरशी ओल धरून ठेविते आणि आसरा देते. दोघांपैकी कोणीच पाहुणा नाही. ही गोष्ट आम्ही मुलांस सांगतो तेव्हा ती हसतात, पण लक्षात ठेवितात.

या विषयावर बोलताना आम्हांस आनंदीबाई जोशी यांची आठवण टाळता येत नाही. १८८५ सालचे ते छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली, आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या. ते चित्र सुंदर आहे यात शंका नाही. पण ते आमच्या जानेवारीच्या मेळाव्यातील छायाचित्रांच्या जातीचे आहे, आणि त्यावरून त्या तिघींच्या सख्याविषयी काही अनुमान काढणे धाडसाचे होईल. आनंदीबाईंची खरी मैत्री छायाचित्रात नाही. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत एक मासिक चाळीत बसल्या होत्या. त्यात गोपाळराव जोशी यांच्या पत्नीच्या शिक्षणाविषयीचा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला. त्यांनी पत्र घातले. पुढे सुमारे तीन वर्षे, एकमेकींस न पाहता, टपाल चालले. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या त्या मुलीची परदेशात ओळख नव्हती असे कसे म्हणावे? कार्पेंटरबाई तिच्या मावशी झाल्याच होत्या. १८८६ साली पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला. त्यांची रक्षा अमेरिकेस गेली, आणि कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुळाच्या दफनभूमीत तिला जागा दिली. आपल्या घरच्या मृतांच्या ओळीत परक्या देशाच्या मुलीस जागा देणे, याला पाहुणचार हा शब्द पुरत नाही.

असो. एवढ्या उंचीवरून आम्हांस आमच्या प्रयोगशाळेत उतरले पाहिजे, कारण मैत्री जुळण्यास प्रयोगशाळेसारखी जागा नाही असा आमचा अनुभव आहे. पूर्वी मुले आपापल्या पसंतीने जोड्या लावीत. परदेशी परदेशीयांसह उभे राहत. आम्ही सहा वर्षांपूर्वी हजेरीच्या क्रमांकावरून जोड्या लावण्यास आरंभ केला आणि त्या वर्षभर बदलावयाच्या नाहीत असा नियम केला. ब्युरेटमधील थेंब एकाने सोडावे आणि रंग पालटला की नाही ते दुसऱ्याने सांगावे, या कामात विश्वबंधुत्वावर बोलण्याची सवड नसते. रंग चुकला की दोघेही चुकतात. पहिले पंधरा दिवस मुकाट्याने जातात, तिसऱ्या आठवड्यात पहिले भांडण होते, आणि भांडण झाले की आम्ही निश्चिंत होतो.

या जोड्यांमुळे एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. लातूरकडची किंवा सोलापूरकडची आमची मुले परदेशी मुलांशी बोलत नाहीत ती घमेंडीने नव्हे, तर इंग्रजीच्या धास्तीने. समोरच्याचे इंग्रजी फर्डे असेल अशी त्यांची समजूत असते. पलीकडून इराणी मुलगा नेमका हाच विचार करीत उभा असतो! दोघांचेही इंग्रजी तोडकेमोडके आहे असे कळले की दोघांच्याही जिवात जीव येतो. शुद्ध इंग्रजी बोलणारांची मैत्री जमावयास त्या मानाने अधिक काळ लागतो.

मग शब्दांची देवाणघेवाण सुरू होते. एकदा त्या इराणी मुलाने भिंतीवरची सूचना वाचून घेतली आणि विचारिले, हे कागद, हप्ता, दरवाजा, शहर, जमीन, सरकार, गुन्हा, शिपाई हे शब्द तुम्ही आमच्याकडून केव्हा उचलले? फडणवीस आणि चिटणीस या आडनावांतील नवीस म्हणजे फारसीत लिहिणारा, हे त्याने सांगितले तेव्हा वर्गातील चिटणीस आडनावाची मुलगी आपल्याच नावाकडे नव्याने पाहू लागली. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले, तरी जे शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत येऊन बसले होते ते हलले नाहीत. टांझानियाच्या एका विद्यार्थिनीने तर याहून मौज केली. तिच्या स्वाहिली भाषेत दुकानास दुका, हिशेबास हेसाबू, खबरेस हबारी, वकिलास वकिली, साबणास सबुनी, मेजास मेझा, पैशास पेसा, मोटारीस गारी, आणि पोळीस चपाती! हिंदी महासागरावरून शतकानुशतके गलबते गेली आली, त्यांनी कापूस आणि हस्तिदंताबरोबर हे शब्दही वाहिले. लातूरच्या तिच्या जोडीदारणीने ही यादी वहीत लिहून घेतली आणि सुटीत घरी जाऊन आजीस वाचून दाखविली. आजीचे म्हणणे पडले की, मग ती मुलगी परकी कशी?

गैरसमजही पुष्कळ होतात, आणि ते झाले पाहिजेत. मराठीत जाणारा मनुष्य जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. येणे हे क्रियापद नुकतेच शिकलेला एक सुदानी विद्यार्थी, मित्र येतो म्हणून गेला तेव्हा, अर्धा तास पायरीवर वाट पाहत बसला होता. कधीतरी घरी या, या आमच्या वाक्याचा अर्थ येऊ नका असाही होतो, हे न कळून दुसरा एक जण पुढच्याच रविवारी दुपारी दोन वाजता जाऊन ठाकला. पुण्यात दुपारी दोन वाजता!

याच सुदानी विद्यार्थ्याची गोष्ट आम्हांस थोडी सविस्तर सांगावयाची आहे. त्याची जोडी कोरेगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाशी लागली होती. दुसऱ्या वर्षी वसतिगृहातील मुदत संपली आणि त्यास खोली पाहणे प्राप्त झाले. परदेशी भाडेकरू ठेवला म्हणजे चोवीस तासांच्या आत सरकारात वर्दी द्यावी लागते. हे निमित्त घरमालक पुढे करितात, आणि काहींस खरोखरच त्या कागदांचे भय असते. परंतु सर्वांचे कारण कागद हे नसते, ते कातडीचा रंग हे असते. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. सात ठिकाणी नकार मिळाला. आठव्या ठिकाणी कोरेगावचा मुलगा बरोबर गेला. घरमालक मराठीत त्यास म्हणाले, तुम्ही चांगल्या घरचे दिसता, याच्या नादी कुठे लागलात? सुदानी मुलगा तोवर मराठी समजू लागला होता. तो काही बोलला नाही. जिना उतरून खाली आला. कोरेगावच्या मुलाने दुसऱ्या दिवशी वसतिगृहातील स्वतःची जागा सोडली आणि दोघांनी मिळून धनकवडीस दोन खोल्या घेतल्या. आम्ही त्यास असे करावयास सांगितले नव्हते. सांगण्याचा आम्हांस अधिकारही नव्हता.

दिवाळीत वसतिगृहे ओस पडतात. गावोगावची मुले घरी जातात आणि परदेशी विद्यार्थी रखवालदारासह फटाके ऐकत बसतात. त्या वर्षी सुदानी मुलगा कोरेगावास गेला, तो दोन जेवणांपुरता नव्हे, तर चांगले बारा दिवस. तेथे त्यास ज्वारीची भाकरी वाढली. तो म्हणाला, ही तर आमची दुर्रा! त्याच्याकडे याच ज्वारीच्या आंबविलेल्या पिठाची घावनासारखी पातळ पोळी करितात, तिला किस्रा म्हणतात. त्याचे आजोळ गेझिऱ्यात, म्हणजे निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या दुआबात; तेथे १९२५ साली सेन्नार धरण पुरे होऊन कापसासाठी कालवे निघाले. इकडे मित्राच्या वडिलांचे रान धोमच्या कालव्यावर. पाटकरी पाळी चुकवितो, टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही, वरचे लोक रात्री दारे फोडतात, या तक्रारी दोन्हीकडे एकच निघाल्या. अण्णांनी त्यास तिसऱ्या दिवशी सोयाबीनच्या मळणीला लावले. घरी पाहुण्यास कामाला लावले म्हणून आईने नवऱ्यास बोल लाविला, तेव्हा अण्णा म्हणाले, तो कुठला पाहुणा?

पदवी घेऊन तो खार्टूमला परतला. मित्राने कोरेगावात बी-बियाण्यांचे दुकान घातले. सहसा येथून पुढे मैत्री नाताळ-दिवाळीच्या शुभेच्छांवर येते आणि मग त्याही थांबतात. त्यास कोणाचा इलाज नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. दळणवळण वारंवार तुटू लागले. कोरेगावहून आम्हांस रोज रात्री दूरध्वनी येई: सर, काही कळले का? आम्हांस काय कळणार! नऊ दिवस निरोप नव्हता. कोरेगावची माउली देवापुढे दिवा लावून बसे; तिला युद्ध कोणाचे कोणाशी हे ठाऊक नव्हते, आणि आम्हांसही ते धड सांगता येत नव्हते. दहाव्या दिवशी वादी हल्फाहून दोन ओळी आल्या. तो आई व बहिणीसह बसने उत्तरेस निघून इजिप्तच्या सीमेवर पोचला होता.

कैरोत जीव सुरक्षित होता, पण नोकरी मिळेना. कारण पदवीचे मूळ कागद खार्टूमच्या घराबरोबर जळाले होते. दुय्यम प्रत पाहिजे तर अर्जदाराने पुण्यात यावे, नाही तर नातलगास पाठवावे. कोरेगावचा मित्र दुकान बंद करून पुण्यास आला. संबंधित कचेरीत त्यास एक नमुना भरावयास दिला. त्यात अर्जदाराशी नाते असा रकाना होता. त्याने मित्र असे लिहिले. कारकून म्हणाला, हे चालणार नाही. आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी यांपैकी काही लिहा. तो म्हणाला, यांपैकी काही नाही. मग कैरोहून अधिकारपत्र मागवावे लागले, ते साक्षांकित करून घ्यावे लागले. साडेतीन महिने आणि सहा फेऱ्या झाल्या. या फेऱ्यांत आम्ही दोनदा बरोबर गेलो. त्याने एकदाही कपाळास आठी घातली नाही. फक्त ज्या दिवशी पेरणीचा वाफसा होता त्या दिवशी तो जरा घाईत दिसला.

प्रती मिळाल्या आणि कुरिअरने कैरोस गेल्या. त्या मुलास तेथे एका औषध तयार करणाऱ्या कारखान्यात काम लागले. पहिल्या पगारात त्याने कुरिअर, शुल्क आणि सहा फेऱ्यांचे बसभाडे यांचा हिशेब मांडून पैसे धाडले. कोरेगावहून ते परत गेले. त्याने पुन्हा धाडले. तेव्हा कोरेगावच्या मुलाने धनकवडीच्या खोलीत शिकलेल्या अरबीतील, येथे लिहिता येणार नाही अशी, एक शिवी त्यास दूरध्वनीवर घातली. त्यावर तिकडून सातारी बोलीत तोडीस तोड उत्तर आले. हे भांडण दोघांनीही स्वतंत्रपणे आमच्याकडे निवाड्यास आणले आहे, आणि दोघेही आपली बाजू सोडावयास तयार नाहीत.